गटात लेखन करायला दिलं की एकच मुलगी लिहिते, बाकीचे बघत बसतात. गट पाडणं सोडून द्यावं का?

तुम्ही मुंबईच्या उपनगरातल्या कॉलेजात एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवता. चार-पाच जणांचे गट पाडून निबंध लिहायला देता, तेव्हा प्रत्येक गटातली एक हुशार मुलगी लिहिते आणि बाकीचे मोबाइल काढून बसतात, असं तुम्ही लिहिलंय. मीही इथेच कॉलेजात लेखन शिकवते. माझं उत्तर असं: गट सोडू नका, फक्त गटाला लिहायला लावणं थांबवा.

चौघांत मिळून एक निबंध म्हटलं की जिला येतं तीच लिहिणार. यात मुलांच्या आळसापेक्षा कामाची आखणी जास्त कारणीभूत आहे, कारण एका कागदावर एका वेळी एकच पेन चालतं. लिहिणं ज्याचं त्यानं करावं. गट हवा तो लिहिण्याआधी बोलायला आणि लिहून झालं की ऐकायला. बारावीपर्यंत आपल्या मुलांना पेपर तपासणारा भेटतो, वाचक भेटतच नाही. तपासणारा मुद्दे मोजतो, म्हणून मुलं मुद्दे भरतात. आपलं वाक्य शेजारच्या मुलीला कळलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर प्रथमच दिसतं तेव्हा लिहिणारं मूल खरोखर विचारात पडतं.

आमच्या वर्गात बाकं जमिनीत ठोकलेली आहेत आणि डिव्हिजनमध्ये शंभरावर मुलं. तरी जमतं. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, झाला चौघांचा गट. एकानं आपला परिच्छेद मोठ्यानं दोनदा वाचायचा. पहिल्या वाचनाला बाकीच्यांनी पेन खाली ठेवून नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वाचनानंतर प्रत्येकानं एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा. 'छान लिहिलंय' चालणार नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही त्या दिवशी काढायच्या नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिहिणाऱ्यानं उत्तर तोंडी द्यायचं नाही. तोंडी सांगून टाकलं की ते लिहिलंच आहे असं मुलांना वाटतं. उत्तर दुसऱ्या खर्ड्यात आलं पाहिजे.

एका मुलीनं लिहिलं होतं, 'दादर स्टेशनला खूप गर्दी असते. त्यामुळे प्रवाशांना त्रास होतो.' तिला तीन चिठ्ठ्या मिळाल्या: कुठल्या पुलावर? किती वाजता? तू स्वतः काय करतेस? तिचा दुसरा खर्डा असा होता: 'संध्याकाळी साडेसहाला दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. मी बॅग पोटाशी धरून भिंतीला चिकटते आणि आपोआप वर ढकलली जाते.' मी लाल पेनानं 'तपशील द्या' असं कितीदा लिहिलं असतं तरी 'आपोआप वर ढकलली जाते' हे शब्द आले नसते. विचारणाऱ्या तिघी रोज त्याच स्टेशनवरून येणाऱ्या होत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून ते शब्द आले.

लिहिण्याआधीच्या कामासाठी मी माहिती वाटून देते. ही युक्ती 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं शाळेच्या वर्गांसाठी बसवली. प्रत्येकाला विषयाचा वेगळा तुकडा द्यायचा, म्हणजे एकाशिवाय दुसऱ्याचं अडतं. मुंबईत याला 26 जुलै 2005 च्या पुराइतका चांगला विषय नाही. एकाला पावसाचे आकडे: त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर, आणि त्याच शहरात कुलाब्याला साधारण 73. दुसऱ्याला मिठी नदी: विहार आणि पवई तलावांचं पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते, आणि तिच्या काठावर किती भराव आणि बांधकाम झालं. तिसऱ्याला समुद्राच्या भरतीचं गणित. चौथ्यानं घरात किंवा चाळीत त्या दिवशी पाण्यातून चालत आलेल्या माणसाशी बोलून यायचं. मुलांना हा दिवस आठवत नाही, पण आई-मावशीला मिनिटामिनिटाचा आठवतो. वर्गात चौघांनी आपापला तुकडा एकमेकांना समजावून सांगायचा आणि मग प्रत्येकानं आपला स्वतंत्र लेख लिहायचा.

यातून जे प्रश्न निघतात ते मी तयार करून देऊ शकले नसते. आकडे वाचून आलेल्याला एकीनं विचारलं, 'कुलाब्याला एवढाच पाऊस, तर चर्चगेटला ऑफिसात बसलेल्यांना कळलं तरी कधी?' चौथा म्हणाला, 'माझ्या काकांना दादरला अडकल्यावर कळलं.' तिथून त्या गटाच्या चारही लेखांना वेगवेगळी सुरुवात मिळाली.

मार्कांचं आधीच स्पष्ट करा, नाहीतर वर्षभर कुरबुर चालेल. गटाला एकत्र मार्क मी देत नाही. दोन्ही खर्डे आणि मिळालेल्या चिठ्ठ्या एकत्र जोडून घेते. चिठ्ठीवर विचारणाऱ्याचा रोल नंबर असतो आणि चांगल्या प्रश्नाचे मार्क त्याला मिळतात. लिहिण्यात कच्चं असलेलं मूल विचारण्यात तरबेज असू शकतं, हे यातूनच दिसतं. पहिला खर्डा वर्गात, हातानं. चॅटजीपीटीवरून आणलेला मजकूर चिठ्ठ्यांपुढे फार टिकत नाही, कारण 'तू तेव्हा कुठे उभी होतीस?' याचं उत्तर त्यात नसतं.

बोलण्याची भाषा मोकळी सोडा. आमच्याकडे मालवणी, आगरी, अहिराणी, बंबइया हिंदी, सगळं चालतं. प्रमाण मराठीचं बघायला शेवटचा खर्डा आहे. तासाला गप्प बसणारी मुलं चौघांत घरच्या बोलीत भरभरून बोलतात.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं 1970 मध्ये प्रवेश खुले केले तेव्हा घरातली पहिलीच कॉलेजात आलेली मुलं मोठ्या संख्येनं दाखल झाली. तिच्याच ब्रुकलिन कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक केनेथ ब्रफी यांच्या लक्षात आलं की शिक्षकांनी देऊ केलेली जादा मदत ही मुलं टाळतात, कारण तीही वर्गासारखीच वाटते. बरोबरीच्या मुलांकडून मात्र घेतात. विरार-कल्याणहून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या आणि तास संपला की नोकरीवर पळणाऱ्या आपल्या मुलांचंही मला हेच दिसतं. माझ्या केबिनमध्ये शंका घेऊन कोणी येत नाही, पण बाकावर विचारतात.

सुरुवातीला गोंगाट होईल. शेजारच्या वर्गातल्या सरांना आणि उपप्राचार्यांना आधीच सांगून ठेवा, आणि एका तासाला गटातल्या दोघांचंच वाचन धरा. चौघांचं पन्नास मिनिटांत बसत नाही. उरलेल्या दोघांचं पुढच्या तासाला.