एका जनुकाच्या दोन-तीन प्रती असताना झाडाला पर्यायी स्प्लायसिंग कशाला लागतं?

तुम्ही विचारलंय, की गहू-सोयाबीनसारख्या पिकांत एकेका जनुकाच्या दोन-तीन प्रती आधीच आहेत, तर त्याच जनुकातून वेगवेगळे आरएनए (जनुकावरून उतरवलेल्या कामाच्या नकला) काढायचा खटाटोप, म्हणजे पर्यायी स्प्लायसिंग, झाड का करतं. मी इंदूरला सोयाबीनवर काम करते आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मलाही हाच प्रश्न छळत होता. आज मी म्हणेन, की ही एकाच कामाची दोन हत्यारं नाहीतच. जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, दुप्पट होऊन प्रती वाढतात त्या लाखो वर्षांतून एखाद्या वेळी. स्प्लायसिंग मात्र झाडाला आजच्या दुपारच्या उन्हात बदलता येतं.

माझे आजोबा कीर्तन करायचे. त्यांच्या वहीत आख्यान सगळं लिहिलेलं असे, पण सभा बघून ते काही पदं गाळत. म्हातारी मंडळी समोर असली की सगळं सावकाश, लेकरं पेंगायला लागली की मधलं सोडून थेट शेवटाकडे. वही तीच, कीर्तन निराळं. जनुकाचंही असंच. त्यावरून आधी लांबलचक आरएनए उतरतो, मग त्यातले इंट्रॉन (मधले गाळायचे तुकडे) कापून एक्झॉन (ठेवायचे तुकडे) जोडले जातात; हेच स्प्लायसिंग. जनुकं अशी तुटक असतात हे १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी दाखवलं, आणि १९९३ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. कुठे कापायचं हे बदललं की पर्यायी स्प्लायसिंग. प्राण्यांत बहुतेकदा एखादा एक्झॉन वगळला जातो. वनस्पतींत सर्वांत जास्त दिसतं ते इंट्रॉन न कापता तसाच राहणं.

याचा परिणाम आपल्या ताटातही असतो. भाताच्या वॅक्सी जनुकात पहिल्या इंट्रॉनच्या सुरुवातीचं डीएनएचं एकच अक्षर बदललं, जी च्या जागी टी आलं, की इंट्रॉन नीट कापला जात नाही, अमायलोज (भात मोकळा ठेवणारं स्टार्च) कमी होतं आणि भात मऊ, चिकट होतो. त्यातही दाणा भरताना हवा थंड असली तर कापणं सुधारतं आणि अमायलोज वाढतं.

आता प्रती. आपल्याकडे माळव्यात बाफल्यांना (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना) चालतो तो कठिया (ड्युरम) गहू २८ गुणसूत्रांचा, त्यात ए आणि बी असे दोन जीनोम. पोळीच्या गव्हात डी हा तिसराही, म्हणून ४२. तिथे बहुतेक जनुकं तीन-तीन. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी भुरी रोगाला थोपवणारा गहू तयार केला, तेव्हा त्यांना या रोगाला वाट मोकळी करून देणाऱ्या एमएलओ जनुकाच्या तिन्ही प्रती बंद कराव्या लागल्या. सोयाबीनचा जीनोम सुमारे ५.९ कोटी आणि १.३ कोटी वर्षांपूर्वी असा दोनदा दुप्पट झाला. २०१० साली तो वाचून झाला, तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश जनुकं एकाहून अधिक प्रतींत सापडली.

तुमच्या प्रश्नाची खरी गाठ इथे सुटते. प्रत एकच असेल आणि तिच्या कापायच्या जागी बिघाड झाला, तर झाडाला ते महागात पडू शकतं. दोन असतील तर एक काम सांभाळते आणि दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. म्हणजे प्रतींमुळे स्प्लायसिंगची गरज संपत नाही, उलट त्याला वाव मिळतो. कोबी आणि सलगम यांच्या जातींचा संकर करून प्रयोगशाळेत नव्याने घडवलेल्या रेपसीड या तेलबियांच्या पिकात प्रतींच्या स्प्लायसिंगमधला असा बदल अवघ्या काही पिढ्यांत दिसला. गव्हातही उष्णतेच्या ताणात तिन्ही प्रतींचं स्प्लायसिंग एकसारखं बदलत नाही. फेब्रुवारीतच ऊन चढू लागलेलं माळव्यात ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे किती महत्त्वाचं आहे ते सांगायला नको.

एक मात्र सांगते. प्रत्येक वेगळा आरएनए म्हणजे नवं प्रथिन, असं धरून याद्या वाढवणं मला पटत नाही. इंट्रॉन राहिला की पुष्कळदा प्रथिन बनवणं मध्येच थांबवण्याचा संकेत येतो आणि पेशी तो आरएनए मोडून टाकते. पण त्याने प्रथिनाचं प्रमाण कमी होतं, आणि झाडाला कधी कधी तेवढंच हवं असतं.

इंट्रॉन राहिलेला आरएनए मला पहिल्यांदा जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) दिसला. सोयाबीनच्या पानातून आरएनए काढला, त्याची डीएनए रूपातली नक्कल (सीडीएनए) केली, पीसीआरने तिच्या असंख्य प्रती काढल्या. एक बँड (एका लांबीच्या तुकड्यांचा पट्टा) हवा होता, दोन आले. वरचा नेमका डीएनएवर येतो तेवढ्याच लांबीचा. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, डीएनए राहिलाय नमुन्यात. परत कर." परत केलं. डीएनए मोडणारं एन्झाइम, डीएनेज, दुप्पट वेळ ठेवलं, शेजारच्या खाचेत आरएनएची डीएनए नक्कल करणारं आरटी एन्झाइम न घातलेला नमुना लावला. ती खाच कोरी राहिली आणि वरचा बँड तरीही आला. म्हणजे तो आरएनएच होता, इंट्रॉनसकट.

तुम्ही स्वतः प्रयोग करणार असाल तर इथे जपा: प्रायमर (पीसीआर कुठून सुरू करायचं ते ठरवणारे छोटे तुकडे) दोन्ही प्रतींना चिकटतात, त्यामुळे बँड कोणत्या प्रतीचा हे जेल सांगत नाही. आरएनएचे छोटे तुकडे वाचले तरी बरेच तुकडे दोन्हींशी जुळतात. आता अख्खा आरएनए एका दमात वाचता येतो, तेव्हा ते सोपं झालंय. मी दोन्ही बँड जेलमधून कापून क्लोन केले (एकेक तुकडा जिवाणूंत वेगळा वाढवला) आणि वाचून घेतले. दोन प्रतींत चार अक्षरांचा फरक होता, त्यावरून त्या ओळखता आल्या. खालच्या बँडमध्ये दोन्ही होत्या. वरच्या बँडचे जेवढे क्लोन वाचले, ते सगळे एकाच प्रतीचे निघाले.