आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी पोस्टातलं खातं मोडू का?

दादा, तुमचं गणित असं दिसतंय: आई 68 वर्षांच्या, पूर्ण खुबा बदलायचा, विमा 3 लाखांचा. सांध्यात सिरॅमिकचा गोळा आणि पॉलिथिलीनची, म्हणजे प्लास्टिकची, वाटी घेतली तर 3.2 लाख, दोन्ही सिरॅमिक घेतलं तर 4.5 लाख. आणि तुम्हाला महागडंच बसवायचंय म्हणून आईंचं दीड वर्षापूर्वी उघडलेलं 10 लाखांचं सिनियर सिटिझन स्कीमचं खातं मोडायचा विचार आहे.

मोडू नका. त्यातून थोडेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं बंद करावं लागतं आणि दोन वर्षांच्या आत केलं की मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे 15,000 कापतात. एकवेळ ते जाऊ दे, पण 8.2 टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी येणारे 20,500 आईंचे हक्काचे आहेत हो, ते बंद नका पाडू.

इम्प्लांट (आत बसवायचा कृत्रिम सांधा) कुठलं ते सर्जनच ठरवणार, पण 68 व्या वर्षी जादा 1.3 लाखात नक्की काय मिळणार हे बिनधास्त विचारा. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की बदललेल्या 100 पैकी साधारण 58 खुबे 25 वर्षं टिकतात, आणि त्यातले बरेचसे जुन्या प्लास्टिकचे, आताचं क्रॉसलिंक्ड (जास्त घट्ट बांधणीचं) पॉलिथिलीन खूप कमी झिजतं. चाळिशीतल्या पेशंटचा हिशोब वेगळा असतो.

सरकारने 2017 मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, खुब्याच्या नाही, म्हणून कोटेशनमध्ये इम्प्लांटचा आकडा वेगळा लिहून घ्या. पॉलिसीत रूमची लिमिट रोज 3,000 असेल तर तेवढ्याचीच रूम घ्या, 6,000 ची घेतली तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा चार्ज सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं (इम्प्लांट आणि औषधं सोडून).

खरा खर्च घरी आल्यावर आहे आणि तिथेच लोक हात आखडता घेतात. पहिले सहा आठवडे दिवसभराची मावशी, घरी येणारा फिजिओ, वॉकर, उंच कमोड सीट, याला 60-70 हजार बाजूला ठेवाच. खाली बसणं, मांडी घालणं, भारतीय संडास हे सर्जन सांगेपर्यंत बंद, कारण सांधा निखळला तर परत हॉस्पिटल आणि परत खर्च, आईंचे हाल वेगळेच.

3.2 लाखांतले विम्यावरचे 20 हजार आणि हे घरचे 60-70 हजार, एवढ्यासाठी तुमची 2 लाखांची एफडी पुरते. तीही मोडू नका, तिच्यावर ओडी (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तसं कर्ज) घ्या, एफडीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं, तेही वापरलेल्या पैशांवरच.

फक्त पॉलिसीतला जॉइंट रिप्लेसमेंटचा वेटिंग पिरियड (ज्या सुरुवातीच्या काळात त्या ऑपरेशनचा क्लेम मिळत नाही) संपलाय का ते आजच बघा, संपला नसेल तर हे सगळं गणित बदलतं, मग मला लगेच कळवा.