आधी मॅन्युअल वाच

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम संपवलास आणि लगेच विचारलंस, "सर, आता जुन्यातलं काय खेळू? यादी द्या." यादी देत नाही. जुन्या रोल-प्लेइंग गेम्सच्या, म्हणजे पात्र घडवून त्याच्या भूमिकेत खेळायच्या गेम्सच्या, याद्या हव्या तेवढ्या मिळतील आणि बहुतेकींत तीच ती नावं असतील: पहिले दोन फॉलआउट, जुना बाल्डर्स गेट, प्लेनस्केप. चांगलेच आहेत ते, आज ना उद्या खेळशीलच. पण तुला गेम नुसते खेळायचे नाहीत, बनवायचेही आहेत. म्हणून ज्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही असे चार सांगतो. वर्षभरात त्यांतले दोन नीट झाले तरी पुष्कळ.

चौघांत सारखी गोष्ट एकच. बनवणाऱ्यांनी एखादा तऱ्हेवाईक नियम धरला आणि खेळणारा वैतागेल की काय याची फिकीर न करता तो शेवटपर्यंत निभावला. हल्लीच्या मोठ्या गेममध्ये नियम समजूतदार असतात, तुला त्रास होतोय असं दिसलं की बाजूला होतात. या चौघांतले हटत नाहीत. ते कुठे कुठे पोचतात हे बघण्यासाठी हे गेम खेळायचे. ग्राफिक्सची सवय दोन संध्याकाळी गेल्या की होते, त्याची काळजी करू नकोस.

पहिला डार्कलँड्स. १९९२ सालचा, मायक्रोप्रोज कंपनीचा. ही मंडळी विमानांच्या सिम्युलेशनसाठी नावाजलेली, आणि त्यांनी रोल-प्लेइंग गेम करायला घेतला तो पंधराव्या शतकातल्या जर्मनीवर, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्यावर. मुख्य डिझायनर आर्नल्ड हेंड्रिक. एल्फसारख्या परीकथेतल्या जमाती नाहीत, ड्रॅगनांच्या काल्पनिक राज्यांचे नकाशे नाहीत. न्युर्नबर्ग, कोलोन, ल्यूबेक ही खरी शहरं आहेत, आणि त्या काळातली माणसं जे खरं मानायची ते या गेममध्ये खरं आहे. त्यांचा सैतानावर विश्वास होता, म्हणून सैतान आहे. संतांवर होता, म्हणून संत पावतात. हा त्यांचा नियम, आणि बाकीचं सगळं त्यातून निघतं.

चार जणांची पार्टी, म्हणजे टोळी, तू करतेस. प्रत्येकाचं बालपण कुठल्या घरात गेलं ते ठरवायचं आणि मग पाच-पाच वर्षांचे टप्पे: आधी सैनिक, मग चोर, मग मठात, किंवा विद्यापीठात जाऊन किमयागार. प्रत्येक टप्प्याला कौशल्य वाढतं आणि वय पण वाढतं, आणि वय वाढलं की अंगातली ताकद उतरणीला लागते. म्हणजे विशीतला तगडा अडाणी हवा की चाळिशीतला जाणता पण दमणारा, हा निर्णय गेम सुरू व्हायच्या आधीच घ्यावा लागतो. लेव्हल नाहीत, अनुभवाचे गुण नाहीत. जे करशील ते सुधारतं, बस्स.

जादूही नाही. त्या जागी किमया आहे आणि प्रार्थना आहे. किमयेला परीस लागतो, आणि तुझ्याकडचा परीस किती चांगल्या प्रतीचा यावर रसायन जमणार की हातातच फुटणार हे ठरतं. संत शंभराहून जास्त आहेत आणि प्रत्येकाची मदत वेगळी. आधी त्या संताची माहिती मिळवावी लागते, मग पुण्याई खर्चावी लागते, आणि खर्चलेली पुण्याई हळूहळूच भरून येते.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. रात्र झालीय, शहराची वेस बंद आहे. पडद्यावर जलरंगासारखं एक चित्र आणि त्याखाली चार-पाच ओळींचे पर्याय: सकाळपर्यंत थांबायचं, तटावरून चढून जायचं, एखादं रसायन वापरायचं, संताला हाक मारायची. पार्टीत कोण आहे आणि त्याला काय येतं त्यानुसार पर्याय पुढे येतात. हा नुसता दरवाजा आहे, लक्षात घे, कथेशी त्याचा काही संबंध नाही. अशा साध्या जागेला इतके रस्ते ठेवणारे गेम आजही मोजकेच सापडतील.

लढाई चालू वेळेतली, पण थांबवून हुकूम देता येतात. बाल्डर्स गेटमुळे ही पद्धत सगळीकडे झाली, ती इथे सहा वर्षं आधी आहे. शत्रूच्या अंगावर जाड चिलखत असेल तर नुसती तलवार परजून उपयोग नाही, चिलखत भेदणारं किंवा चेपणारं हत्यार लागतं. प्रत्येक शस्त्राची आणि चिलखताची प्रत आकड्यात दिलेली असते. सुरुवातीला या सगळ्याचा ताळमेळ लागणार नाही आणि रस्त्यावरचे लुटारूच तुझी पार्टी आडवी करतील. करू देत. आणखी एक: बाजारात आला तेव्हा हा गेम बगांनी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांनी, भरलेला होता. आता मिळते ती शेवटची दुरुस्त आवृत्ती, तरी दोन-तीन वेगवेगळ्या जागी सेव्ह करत जा. दुसरा भाग कधी निघाला नाही. मला अजून हळहळ वाटते.

दुसरा आर्केनम, २००१ चा. फॉलआउट करणाऱ्यांपैकी टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी १९९८ मध्ये ट्रॉइका नावाची कंपनी काढली, तिचा हा पहिला गेम. तीन गेम करून २००५ मध्ये कंपनी बंद पडली. इथला नियम असा: जादू निसर्गाचे कायदे वाकवते, यंत्रं त्याच कायद्यांवर चालतात, म्हणून दोघांचं जमत नाही. एल्फ, ऑर्क असल्या काल्पनिक जमातींच्या जगात वाफेचं इंजिन आलं तर काय होईल, एवढाच प्रश्न. पण उत्तर देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. तू जादूत मुरलीस तर रेल्वेवाले तुला गाडीत चढू देत नाहीत, इंजिन बंद पडेल म्हणून. उलट तू यंत्रविद्येत पुढे गेलीस तर बरोबरचा व्हर्जिल जखम भरायचा मंत्र म्हणतो तो तुला धड लागूच होत नाही. टॅरंट शहरात कारखाने आहेत आणि त्यांत राबणारे अर्धे-ऑर्क आहेत. तिथल्या वर्तमानपत्रात तुझ्या उद्योगांच्या बातम्या छापून येतात. बुद्धी अगदी कमी ठेवून कॅरेक्टर केलंस तर तुझी सगळी वाक्यं तशीच तुटकी होतात आणि समोरचे लोकही त्याच हिशेबाने वागतात.

तुला एक खटकेल ते आधीच सांगतो. ड्वॉर्फ, नोम, हाफलिंग या बुटक्या जमातींत स्त्री पात्र निवडताच येत नाही. तेवढी जास्तीची चित्रं काढण्याचा खर्च वाचवला, हे उघड आहे. पण मग त्यांनी ती उणीव कथेत घेतली: ड्वॉर्फ आपल्या बायकांविषयी परक्याशी बोलत नाहीत, आणि तू तो विषय काढलास तर संतापतात. हे पटवून घे असं म्हणत नाही. डिझायनर म्हणून बघ की बजेटमधलं भोक कसं झाकलं जातं, आणि झाकलेलं तरी कसं दिसतं.

आर्केनमची लढाई वाईट आहे. चालू वेळेतली तर गोंधळच, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन पाळीपाळीने खेळायची पद्धत निवड. हार्म नावाचा साधा मंत्र इतका जबर आहे की तो घेतला की निम्मा गेम सपाट होतो, त्यामुळे पहिल्या खेपेला यंत्रवाली हो. जड जाईल, विशेषतः ब्लॅक माउंटन क्लॅनच्या खाणीत, जिथे दगडी राक्षसांना मारता मारता तुझीच हत्यारं मोडतात. तिथे बरेच जण गेम सोडून देतात. तू जुनंपानं हत्यार वापर आणि खाली उतरत राहा. आणि अ‍ॅशबरी गावात एक नोम कुत्र्याला लाथा घालताना दिसेल. त्या कुत्र्याला सोडव आणि बरोबर घे. का ते विचारू नकोस.

संगीत मात्र कान देऊन ऐक. बेन हाउज यांनी जवळजवळ सगळं तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी लिहिलंय. ढोल-तुताऱ्यांची सवय झालेल्या कानाला आधी ते उदास वाटतं, मग त्याच्याशिवाय टॅरंट डोळ्यांपुढे येत नाही.

तिसरा बिट्रेयल अ‍ॅट क्रॉन्डॉर, १९९३, डायनॅमिक्स कंपनीचा. रेमंड फाइस्ट यांच्या कादंबऱ्यांचं जग घेतलंय, पण गेमचं लिखाण नील हॉलफर्ड यांचं. नऊ प्रकरणं आहेत आणि प्रकरणागणिक कोण बरोबर असणार ते बदलतं. नटांचे फोटो पात्रांवर चिकटवलेत, वेशभूषा शाळेच्या गॅदरिंगमधली वाटते. हसून घे एकदा. इथला नियम झिजण्याचा आहे. तलवार बोथट होते, तिला धार लावायचा दगड जवळ हवा. चिलखत ठोकून सरळ करायला हातोडी हवी. शिधा रोज संपतो, आणि मेलेल्या शत्रूच्या पिशवीतून उचललेला शिधा विषारी निघू शकतो. उघड्यावर मुक्काम केला तर तब्येत ८० टक्क्यांपर्यंतच सुधारते, पुढची हवी असेल तर सराईत पैसे मोजून झोपावं लागतं. मंत्र म्हणायचा तर तोही अंगातल्या त्राणावरच. त्यामुळे नकाशावर दोन बोटांचं अंतर असलं तरी निघण्यापूर्वी तू पिशव्या उघडून मोजदाद करशील, आणि प्रवासाला निघणं म्हणजे काय ते कुणी न सांगता समजेल.

रानात अधूनमधून पेट्या दिसतात, त्यांना कुलूप अक्षरांचं. वर एक कोडं, खाली फिरणाऱ्या चकत्या, प्रत्येक चकतीवर थोडीच अक्षरं. उत्तर नाही आलं तर अक्षरं जुळवून बघता येतात, पण तसं करू नकोस. कोडं कागदावर उतरवून घे आणि पुढे चालू लाग. भांडी घासताना सुचेल.

चौथ्याविषयी थोडक्यात, कारण अल्टिमा ४ अगदीच दुर्लक्षित नाही. नाव सगळ्यांना माहीत असतं, खेळलेलं फार कमी जणांनी असतं. १९८५, रिचर्ड गॅरियट. यात मारायला शेवटचा खलनायक नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, हेच काम. गेम त्यांचा हिशेब गुपचूप ठेवतो, आकडे तुला दाखवत नाही. औषधी विकणारी आंधळी बाई आहे. माल घेतल्यावर किती नाणी ठेवलीस ते तूच टाइप करायचं. कमी ठेवलीस तरी ती काही बोलत नाही, माल देते. पण प्रामाणिकपणाच्या खात्यातून वजाबाकी होते, आणि त्याचा पत्ता फार उशिरा लागतो. हे १९८५ साली, फ्लॉपींवरच्या जेमतेम जागेत केलंय. आजही नीतीचा प्रश्न म्हटला की चांगल्याचा निळा पर्याय आणि वाईटाचा लाल पर्याय दाखवणारे गेम निघतात. असो.

आता शीर्षकाचं. मॅन्युअल. त्या काळात जागा कमी असल्यामुळे गेमचा बराच भाग छापील पुस्तिकेत असायचा. १९८८ च्या वेस्टलँडमध्ये तर पडद्यावर नुसतं यायचं, 'अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा', आणि परिच्छेद पुस्तिकेत. आगाऊपणे सगळे वाचून काढणाऱ्यांसाठी त्यांत खोटे परिच्छेदही पेरलेले, मंगळावरच्या स्वारीची एक अख्खी लोणकढी थाप आहे. आमच्या पिढीला हे कळलंच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायच्या त्या चोरट्या सीडीबरोबर पुस्तिका कुठली? गेम मध्येच विचारायचा, अमक्या पानावरचा तमका शब्द सांग, आणि तिथेच गाडी अडायची. हे गेम कठीण आहेत अशी जी ख्याती आपल्याकडे झाली तिचं अर्धं कारण हेच. जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर हे चारही रीतसर मिळतात, पीडीएफ मॅन्युअलसकट. अल्टिमा ४ फुकट आहे, बाकीचे सेल लागला की पिझ्झ्याहून स्वस्त. तेव्हा आधी मॅन्युअल. डार्कलँड्सचं तर जर्मनीच्या इतिहासाची छोटी पोथी म्हणूनही वाचता येतं.

जुने तिघे डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालतात, जीओजीवाले ते बरोबरच देतात. आर्केनमला चाहत्यांनी केलेला अनधिकृत पॅच (दुरुस्ती) टाक, नाहीतर आताच्या स्क्रीनवर ते विचित्र दिसेल. वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा पार करायचा ते सांगणारं टिपण, बघायचा तर एका बैठकीत अडकलीस म्हणून बघू नकोस. दुसऱ्या दिवशीही तिथेच अडकलेली असशील तर बघ, आणि तेवढाच परिच्छेद. वही लागेल, चौकटीची घे. अल्टिमामध्ये लोकांशी शब्द टाइप करून बोलायचं असतं आणि कुणी कुठला शब्द सांगितला हे गेम लक्षात ठेवत नाही. वहीच्या मागच्या पानावर मात्र दुसरंच लिही: कुठल्या नियमाने तुला वैताग आला, आणि तो काढला असता तर आणखी काय काय निघून गेलं असतं. तुझ्या कामाचं ते पान.

सुरुवात डार्कलँड्सने कर. परीक्षा संपल्याशिवाय हात लावू नकोस, तुझ्या आईचा मला फोन येईल. चौघे जण तयार झाले की त्यांचे व्यवसाय आणि वयं तेवढी कळव, पार्टी किती दिवस टिकेल ते इथूनच सांगतो.

तुझे,
सर