डीडब्ल्यूजी उघडेना म्हणून फ्रीकॅड सोडायचं का?

ऐरोलीच्या ताईंना नमस्कार,

मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं मोफत सॉफ्टवेअर शिकतो. पण रबाळे एमआयडीसीतल्या मामाच्या वर्कशॉपची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची) फाइल त्याच्याकडे उघडेना. आता क्लासला घालावं का, असं तुम्ही विचारलंय.

फीची घाई नको. यात मुलाचं काही चुकलेलं नाही. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने डीडब्ल्यूजीची रचना जाहीर केलेली नाही, ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीच्या डीएक्सएफ फॉरमॅटची केली आहे. त्यामुळे फ्रीकॅडला मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. ओडीए फाइल कन्व्हर्टर फुकट मिळतो (पण ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडचा, नाही). लिबरडीडब्ल्यूजी पूर्ण ओपन सोर्स आहे. कन्व्हर्टर टाकून फ्रीकॅडच्या प्रेफरन्सेसमध्ये, इम्पोर्ट-एक्स्पोर्टखाली, डीडब्ल्यूजीच्या पानावर त्याचा पत्ता (तो कॉम्प्युटरवर कुठे आहे ते) द्यायचा. ते पान दिसत नसेल तर आधी ड्राफ्ट वर्कबेंच (फ्रीकॅडमधला 2डी ड्रॉइंगचा विभाग) उघडायचं.

तरीही अडलं, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरं बघू द्या. एसी1032 म्हणजे 2018 चा फॉरमॅट, एसी1015 म्हणजे 2000 चा. मामाला 'सेव्ह ॲज' करून जुन्या फॉरमॅटची फाइल किंवा थेट डीएक्सएफ पाठवायला सांगा.

खरी जोखीम फाइल उघडल्यावर असते. ड्रॉइंगवर 50.8 मिमी लिहिलेलं भोक मोजल्यावर 2 आलं, तर फाइल इंचात आहे, 25.4 पटीने स्केल करावी लागेल. हे न बघता प्रोफाइल कटिंगला दिलं की प्लेट भंगारात. म्हणून प्रत्येक फाइलमध्ये आधीच माहीत असलेलं एक माप आधी मोजायचं, ही सवय आत्ताच लागू द्या. ऑटोकॅडचे एसएचएक्स फॉन्ट नसले की अक्षरं बदलतात, आणि एक्सरेफच्या (ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या) फाइली सोबत नसल्या तर अर्धं ड्रॉइंग गायब असतं.

सॉलिडवर्क्स या 3डी सॉफ्टवेअरचे पार्ट फ्रीकॅड उघडत नाही. तिथे स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा 3डी फॉरमॅट) मागायची. आकार नेमका येतो, पण फीचर ट्री (पार्ट कसा बनवला त्याच्या पायऱ्या) येत नाही. भोकाचा व्यास बदलायचा तर स्केच नसतं, भोक बुजवून नवं पाडावं लागतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी करायची तर ऑटोकॅडचा हातही हवाच. त्यासाठी क्रॅक कॉपी मुळीच घेऊ नका. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना एक वर्षाचं लायसन्स मोफत देतं, पात्रता असेपर्यंत दरवर्षी वाढवता येतं. मात्र त्यावर मामाचं पैशाचं काम करायचं नाही. ते फ्रीकॅडवर खुशाल करू दे.

या महिन्यात मामाकडून एकाच पार्टच्या डीडब्ल्यूजी, डीएक्सएफ आणि स्टेप अशा तीन फाइली मागवा. मुलाने तिन्ही उघडून काय आलं, काय हरवलं ते वहीत लिहावं. क्लासचं त्यानंतर बघू.