संगणक-शंका : लॉटचा अहवाल संगणकात असूनही सापडत नाही

प्रश्न : जालन्यात आमचा बियाणे प्रक्रियेचा छोटा उद्योग आहे. कार्यालय, प्रयोगशाळा आणि गोदाम मिळून ११ संगणक आणि एक नॅस (सर्व संगणकांना नेटवर्कवरून वापरता येणारी सामायिक साठवणपेटी) आहे. उगवण चाचणीचे अहवाल, विक्रेत्यांची बिले, कृषी खात्याशी झालेला पत्रव्यवहार आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी अशा दहा-बारा वर्षांच्या फायली त्यावर पसरलेल्या आहेत. गेल्या खरिपात बियाणे निरीक्षक समोर बसलेले असताना सोयाबीनच्या एका लॉटची उगवण ७० टक्क्यांच्या किमान मर्यादेच्या वर होती, हे दाखवणारा अहवाल काढायला आम्हाला पाऊण तास लागला. एक विक्रेता गुगलचे जुने ‘सर्च अप्लायन्स’ स्वस्तात देऊ करतो आहे. ते यंत्र नेटवर्कला जोडले की सर्व फायली शोधता येतील, असे त्याचे म्हणणे आहे. ते घ्यावे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : ते यंत्र घेऊ नये. गुगलने ते २००२ मध्ये बाजारात आणले आणि छोट्या कार्यालयांसाठी ‘मिनी’ हे धाकटे रूप २००५ मध्ये काढले. मिनीची विक्री २०१२ मध्ये थांबली आणि मोठे यंत्रही बंद करण्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. त्या यंत्राचा परवाना मुदतीचा असे आणि किती दस्तऐवजांची सूची करता येईल, तेही परवान्यातच ठरलेले असे. आता जुनी पेटी विकत घेतल्यास हाती लोखंड येईल. परवाना, सुरक्षेची दुरुस्ती आणि विचारायला माणूस, यांपैकी काहीही येणार नाही.

मात्र त्यामागची कल्पना आजही तीच आहे आणि ती समजून घेतल्यास आपला बराच खर्च वाचेल. असे कोणतेही साधन आपण शब्द टाकल्यावर फायली उघडून पाहत नाही. ते आधीच सवडीने प्रत्येक फाईल वाचून, पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दांची सूची तयार करते आणि नंतर फक्त त्या सूचीत पाहते, म्हणून उत्तर क्षणात मिळते. याचा सरळ अर्थ असा की, ज्या फाईलमधला मजकूर त्या साधनाला वाचता आला नाही, ती फाईल त्याच्या लेखी जवळजवळ कोरीच राहते, मग यंत्र कितीही महागाचे असो.

आपले चाचणी अहवाल स्कॅन केलेले असतील, तर पहिली अडचण तिथेच आहे. एखादी पीडीएफ उघडून त्यातील लॉट क्रमांकावर माउसने ओढून पाहावे. क्रमांक निळा होऊन निवडला गेला तर तो मजकूर आहे. पानावर नुसती चौकट उमटली किंवा काहीच झाले नाही, तर ते छायाचित्र आहे. अशा फायलींवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवण्याची प्रक्रिया, करून घ्यावे लागते. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठीही वाचते, पण भाषा म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही निवडाव्या लागतात आणि स्कॅन ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) असल्यास चुका कमी होतात. प्रयोगशाळेतील हस्ताक्षरातल्या नोंदींवर मात्र त्याचा भरवसा धरू नये.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे आणि विक्रेते तिचा उल्लेख सहसा करत नाहीत. जुनी मराठी पत्रे युनिकोडपूर्वीच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत येण्यापूर्वीच्या) फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. पत्रातला एक परिच्छेद निवडून फॉन्ट ‘एरियल’ करून पाहावा. मजकुराचा इंग्रजी गोंधळ झाला तर ‘तक्रार’ हा शब्द शोधून ते पत्र कधीही सापडणार नाही. अशी पत्रे रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावीत, जोडाक्षरे व आकडे डोळ्यांनी तपासावेत आणि मूळ प्रत जपून ठेवावी.

युनिकोडमध्येही एक खोच उरतेच. ‘शेतकऱ्यांची’ आणि ‘शेतकर्‍यांची’ हे शब्द वाचणाऱ्याला एकच वाटतात, पण पहिल्यात नुक्ता असलेला ‘ऱ’ आहे, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह आहे. कोणत्या कळफलकाने टंकले यावर हे ठरते. त्यामुळे एका टेबलावरच्या तक्रारी सापडतात आणि शेजारच्या टेबलावरच्या सापडत नाहीत. ‘११७’ आणि इंग्रजी अंकांतला तोच क्रमांक यांचेही तसेच आहे. साधन निवडण्यापूर्वी नेमके हेच शब्द टाकून त्याची परीक्षा घ्यावी.

लॉट क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपला पाऊण तास बहुधा तिथेच गेला असावा. पिशवीवर क्रमांक तिरकी रेघ देऊन छापलेला असतो. विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. मग कोणी आडवी रेघ घालतो, कोणी मोकळी जागा सोडतो, तर कोणी सगळे आकडे सलग लिहितो आणि एकाच लॉटच्या फायली तीन नावांनी तीन ठिकाणी जातात. पीक, वर्ष, लॉट आणि अहवालाचा प्रकार असा एकच क्रम ठरवून तो कागद प्रत्येक टेबलाजवळ चिकटवावा. जुन्या सगळ्या फायलींची नावे बदलत बसू नये. ज्या लॉटचे काम निघेल त्याच्या फायली त्या वेळी सुधारून घ्याव्यात.

इतके झाले की वेगळ्या यंत्राची गरज बहुधा उरणार नाही. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप यांच्या बऱ्याच नॅसवर आतला मजकूर शोधणारी सोय मिळते. पहिल्यात तिचे नाव ‘युनिव्हर्सल सर्च’ आणि दुसऱ्यात ‘क्यूसर्च’ असे आहे. मात्र ती नॅसवरच्या फायलींसाठी उपयोगी पडते. म्हणून कामाच्या सर्व फायली एकट्यादुकट्या संगणकांवरून नॅसवर आणणे हे पहिले काम समजावे. त्यात आणखी एक लाभ आहे, तो म्हणजे रात्री एकटा नॅस चालू ठेवला तरी पुरते. सूची करण्याचे काम रात्री चालू राहावे अशी अपेक्षा असते, पण आपल्याकडे संध्याकाळी निघणारा शेवटचा माणूस मुख्य कळच बंद करून जातो. नॅस आणि स्विच (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) यांची जोडणी त्या कळीतून काढून यूपीएसवर घ्यावी, म्हणजे वीज गेल्यावरही सूची अर्धवट लिहून मोडणार नाही.

शोध सुरू करण्यापूर्वी फोल्डरचे अधिकार तपासावेत, ही मात्र माझी आग्रहाची सूचना आहे. कोणाचे लक्ष जात नाही म्हणून सुरक्षित राहिलेली पगाराची यादी शोध सुरू होताच ‘पगार’ एवढा शब्द टाकणाऱ्या कोणालाही दिसू शकते. ज्याला जे उघडण्याचा अधिकार नाही, ते त्याच्या शोधातही येत नाही, हे गोदामातल्या एखाद्या खात्यातून प्रत्यक्ष शोधून पाहावे.

प्रश्न : माझे वकिलीचे कार्यालय लहान आहे. तीन संगणक आहेत आणि यावर खर्च करण्याची तयारी नाही. काय वापरावे?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नावावरून फाईल शोधायची असेल तर ‘एव्हरीथिंग’ हे विंडोजवरचे मोफत साधन पुरेसे आहे. ते डिस्कवरची फायलींची नोंदवहीच थेट वाचते, म्हणून टंकता टंकता उत्तर देते. दुसऱ्या संगणकावरचे सामायिक फोल्डर मात्र त्यात स्वतंत्रपणे जोडावे लागतात. दाव्याच्या आतील मजकूर शोधायचा असल्यास ‘डॉकफेचर’ वापरावे. तेही मोफत आहे आणि आपण दाखवू तेवढ्याच फोल्डरची सूची करते. जुन्या सातबाऱ्यांचे आणि हस्तलिखित फेरफारांचे स्कॅन दोन्हींपैकी कोणीही वाचणार नाही. त्यांच्या नावातच गाव, गट क्रमांक आणि पक्षकाराचे आडनाव लिहावे.