आक्कांना विचारा : पोरगी नेपाळला शिकवायला निघाली, पाठवू का?

प्रश्न : आक्का, आम्ही पारोळा तालुक्यातले कापूसवाले शेतकरी. मुलगी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थ्यांची एक संघटना तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे काठमांडूला पाठवते आहे, तिथल्या गरीब मुलांना ‘जीवनकौशल्यं’ शिकवायला. सकाळी एका अनाथाश्रमात, दुपारी सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या केंद्रात. ३८,००० रुपये आपणच भरायचे. तिची आजी म्हणते, “इतलं दूर कसाले जानं?” माझी शंका वेगळी आहे. वीस वर्षांची पोरगी दुसऱ्याला जगणं काय शिकवणार? पाठवू की नको?
– एक वडील, ता. पारोळा

उत्तर : भाऊ, पाठवा. पण सकाळचं काम सोडून.

आधी अनाथाश्रमाचंच बोलते, कारण तुमच्या पत्रात त्याची काळजी कुठेच दिसली नाही आणि मला तीच जास्त वाटते. नेपाळातल्या अशा आश्रमांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कित्येकदा दोघेही, हयात असतात. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरले. “पोराला शहरात शिकवतो” म्हणत त्यांनी आईबापांकडून पैसे घेतले, मुलं काठमांडूला आणली आणि कागदोपत्री त्यांना अनाथ करून टाकलं. आश्रमही जास्त करून तिथेच निघाले जिथे परदेशी पाहुणा येतो. पाहुणा आला की देणगी येते, आणि देणगी येत राहायची तर मुलं आश्रमातच राहायला हवीत. २०१५ च्या भूकंपानंतर परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला तिथल्या सरकारला बंदी घालावी लागली, इतका हा धंदा माजला होता.

सगळेच आश्रम तसले नसतील. पण चांगल्या आश्रमातसुद्धा लहान लेकरू सहा आठवड्यांत ताईच्या गळ्यात पडतं, ताई निघून जाते, पुढच्या महिन्यात दुसरी ताई येते. त्या लेकराचे हाल कुणी बघत नाही. आणि मला सांगा, आपल्याकडे मुलींच्या वसतिगृहात कुणाही अनोळखी पाहुण्याला सहा आठवडे वावरू देतील का? मग तिथल्या मुलांसाठी वेगळा नियम का? “मला फक्त दुपारच्या केंद्रात काम द्या,” असं मुलीने संघटनेला लेखी कळवावं. नाही म्हणाले, तर पैसे भरू नका.

आता तुमची शंका. मी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघायचे, तेव्हा आमचं सात दिवसांचं शिबिर धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर लागलं होतं. आमच्या मुली हात धुण्याचे टप्पे शिकवत होत्या, छान तक्ता रंगवून आणला होता. पाड्यावर पाणी यायचं झिऱ्यावरून, बायकांच्या डोक्यावरून. एक पावरा मुलगी बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, “ताई, बँकेतून पैसे काढायचा कागद भरायला शिकवा ना.” तिचा बाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेला, खात्यावर पैसे आलेले, आणि कागद भरून देणारा माणूस दर वेळी त्यातले काही ठेवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी आमच्या मुलींनी स्लिपांचा गठ्ठा आणला. आकडा अंकात, आकडा अक्षरात, सही. पाड्यावरच्या पोरी अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.

काठमांडूच्या त्या केंद्रातली सोळा-अठराची मुलं लवकरच कुठे जाणार? त्यांतली बरीच कतार, सौदी, दुबई नाहीतर मलेशियाला मजुरीला. आखातातले सहा देश आणि मलेशिया इथे जाणाऱ्या कामगाराचा व्हिसा आणि तिकीट मालकाने भरायचं, असा नियम नेपाळने २०१५ मध्ये केला. तरी दलाल पैसे उकळतात आणि घरचे सावकाराकडे जातात. व्याज तिकडेही शेकडा तीनने चालतं. लाखाला महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. हे अठराव्या वर्षी फळ्यावर स्वतःच्या हाताने मांडलेलं असलं, तर सही करण्याआधी पोरगा दोन प्रश्न तरी विचारील. करारात पगार किती लिहिलाय? कराराची प्रत माझ्याकडे राहणार का?

भाऊ, हे तुमच्या पोरीला येतं. कापूसवाल्याच्या घरात वाढलेली आहे ती. कृषी केंद्राची उधारी, वेचणीचा किलोमागचा भाव, व्यापारी आला की वजनातली कटती, हे सगळं तिने लहानपणापासून ऐकलंय. जागतिक आरोग्य संघटनेने जी दहा जीवनकौशल्यं सांगितली आहेत, त्यांत निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, ताण सोसणं अशी मोठी नावं आहेत. चांगली आहेत. पण ती नुसती वर्गात सांगून येत नाहीत, अशा एखाद्या हिशेबाच्या पोटातून येतात. दलालाला तोंडावर “नाही” कसं म्हणायचं, याचं दोघादोघांत नाटुकलं करून घ्यायला सांगा तिला. त्या वयाची मुलं त्यात रंगतात.

भाषेची फार चिंता नको. नेपाळी देवनागरीतच लिहितात आणि काठमांडूत हिंदी पुष्कळांना कळते. पण वर्ग तिने एकटीने घेऊ नये. केंद्रातली तिथलीच एखादी ताई पहिल्या दिवसापासून सोबत हवी, आणि शेवटचे दोन आठवडे फळ्यापाशी त्या ताईने उभं राहावं, तुमच्या लेकीने मागे बसावं. नाहीतर ती परतली की काम तिथेच थांबेल.

बाकीचं थोडक्यात. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र मात्र हवंच, तिच्या वयाला आधारकार्ड चालत नाही. आपल्या शंभर रुपयांचे तिकडचे एकशे साठ होतात. जूनमध्ये पाऊस लागला की डोंगरातल्या रस्त्यांवर दरडी कोसळतात, तेव्हा रात्रीच्या बसने कुठे फिरायला जायचं नाही, हे आजीसमोर कबूल करून घ्या.

आणि ३८,००० रुपयांचा तपशील लेखी मागा. राहण्या-जेवणाचे किती, केंद्राला किती, संघटना स्वतःकडे किती ठेवते. तुम्ही फोन करू नका, तिलाच मागू द्या.