जेराल्ड फोर्ड यांनी निक्सन यांना दिलेल्या माफीमागे सौदा होता का? आणि ती माफी योग्य होती का?

वॉटरगेट प्रकरणामुळे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला, आणि त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी महिन्याभरात त्यांना खटला उभा राहण्याआधीच माफी दिली. त्यामागे सौदा नव्हता, असं माझं ठाम मत आहे. आणि तरीही ती माफी चुकली, हेही तितकंच ठाम मत आहे. १९७४ साली लोक म्हणत होते, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. आता पन्नास वर्षांनी सूर पार बदललाय: फोर्ड यांनी स्वतःची खुर्ची घालवली पण देश सावरला, असं जो तो म्हणतो. मला यातलं कुठलंच पूर्ण पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मिशिगनमध्ये राहतो. ग्रँड रॅपिड्स हे फोर्ड यांचं गाव. तिथे नदीकाठी त्यांचं संग्रहालय आहे आणि आवारातच त्यांची समाधी. भारतातून कोणी पाहुणे आले की मी त्यांना तिथे घेऊन जातो. तिथे वॉटरगेटच्या घरफोडीत वापरलेली अवजारं मांडली आहेत. जून १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेल्या पाच जणांना पोलिसांनी पकडलं, त्या प्रकरणातली. पाहुणे फोटो काढून पुढे सरकतात, पण माझा पाय तिथून लवकर निघत नाही. चोरी करणारे तुरुंगात गेले, चोरी झाकणारेही गेले, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं झालं ते निक्सन मात्र कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या आपल्या घरी गेले.

आता सौद्याचा संशय का आला ते बघू. फोर्ड हे ना अध्यक्ष म्हणून निवडून आले होते, ना उपाध्यक्ष म्हणून. ऑक्टोबर १९७३ मध्ये उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांना करचुकवेगिरीच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला आणि पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार निक्सन यांनी त्यांच्या जागी फोर्ड यांचं नाव सुचवलं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मोठ्या बहुमताने मान्यता दिली. म्हणजे निक्सन यांनीच पुढे आणलेल्या माणसाने वर्षभरात निक्सन यांनाच माफ केलं. गावच्या पारावर बसलेल्या माणसालाही यात काळंबेरं दिसलं असतं.

त्यात १ ऑगस्ट १९७४ ची भेट. निक्सन यांचे प्रमुख सहायक अलेक्झांडर हेग फोर्ड यांना एकट्याला भेटले. निक्सन आपल्या कार्यालयातली बोलणी टेप करून ठेवत; त्यातली एक नवी टेप बाहेर येणार आहे आणि ती आली की निक्सन टिकणार नाहीत, हे त्यांनी सांगितलं. मग एकेक पर्याय मांडले. निक्सन यांनी राजीनामा द्यायचा आणि नव्या अध्यक्षांनी माफी द्यायची, हा त्यातला एक. सोबत दोन हस्तलिखित कागद होते: एकावर अध्यक्षाच्या माफीच्या अधिकाराचा गोषवारा, दुसरा चक्क माफीनाम्याचा कोरा मसुदा.

फोर्ड यांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही. विचार करायला वेळ हवा, एवढंच म्हणाले. त्यांचे सहायक रॉबर्ट हार्टमन यांनी हे ऐकलं तेव्हा ते भडकले, आणि त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी फोर्ड यांनी साक्षीदार समोर बसवून हेग यांना फोन केला आणि लिहून आणलेला मजकूर वाचून दाखवला: काल आपण जे बोललो त्याचा अध्यक्षांनी आपला निर्णय घेताना अजिबात विचार करू नये. सौदा करणारा माणूस साक्षीदार ठेवून असा फोन करत नाही. शिवाय ५ ऑगस्टला ती टेप जाहीर झाली तेव्हा निक्सन यांच्या स्वतःच्या पक्षातही त्यांना कोणी वाली उरला नव्हता. महाभियोगाची कलमं काँग्रेसच्या प्रतिनिधी सभागृहाच्या न्याय समितीने आधीच मंजूर केली होती. ते जाणारच होते, त्यासाठी कोणाला किंमत मोजायची गरज नव्हती. म्हणून मी सौद्याची गोष्ट मानत नाही.

९ ऑगस्टला फोर्ड अध्यक्ष झाले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग आला ८ सप्टेंबरचा रविवार. सकाळी फोर्ड व्हाइट हाउससमोरच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये जाऊन आले आणि अकराच्या सुमारास आपल्या कार्यालयातून कॅमेऱ्यासमोर माफीनामा वाचला. २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात निक्सन यांनी केलेल्या, किंवा केले असतील अशा, देशाविरुद्धच्या सगळ्या गुन्ह्यांना पूर्ण, बिनशर्त माफी. वाचताना जानेवारीऐवजी त्यांच्या तोंडून जुलै गेलं. अध्यक्षांच्या भाषणांच्या अधिकृत संग्रहात ती चूक आजही तशीच छापलेली आहे, शेजारी कंसात बरोबर महिना. इतक्या मोठ्या कागदातली तारीख चुकावी, यावरून तो माणूस किती ताणाखाली होता ते मला कळतं.

त्यांचे प्रवक्ते आणि जुने मित्र जेराल्ड टेरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. पद घेऊन जेमतेम महिना झाला होता. व्हिएतनामच्या युद्धात जायला सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या पोरांना माफी नाही आणि आरोपपत्रही दाखल न झालेल्या माजी अध्यक्षाला आहे, याचं समर्थन मला करता येणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर टेरहॉर्स्ट यांच्याबद्दल वाटतो.

फोर्ड यांची बाजूही नीट सांगायला हवी. खटला उभा राहायलाच नऊ महिने ते वर्ष लागेल, कदाचित जास्तच, असं विशेष सरकारी वकील लिऑन जॉवॉर्स्की यांचं मत होतं. तोवर देशात दुसरं काही बोललं गेलं नसतं. २८ ऑगस्टच्या पत्रकार परिषदेत प्रश्नांचा रोख पुन्हा पुन्हा निक्सन यांच्याकडेच वळत होता, त्याने फोर्ड वैतागले होते. महागाई भडकली होती, व्हिएतनामच्या युद्धाचा शेवट व्हायचा होता. त्यांना हा विषय संपवायचा होता, आणि हेतू प्रामाणिक होता, याबद्दल मला शंका नाही. पुढे ते १९१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातल्या ओळी पाकिटात घेऊन फिरत: माफीत दोषाचा ठपका असतो आणि ती स्वीकारणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. कोणी टोचलं की तो कागद काढून दाखवत.

पण कबुली कागदाच्या चिटोऱ्यावर असून काय उपयोग? ती निक्सन यांच्या तोंडून यायला हवी होती. माफी स्वीकारताना त्यांनी जे निवेदन काढलं त्यात चुका झाल्या, निर्णय चुकले, मी आणखी खंबीरपणे वागायला हवं होतं, असली भाषा होती. गुन्हा हा शब्द नाही. मुळात फोर्ड यांनी कबुलीची अट घातलीच नाही. त्याचा परिणाम १९७७ च्या टीव्ही मुलाखतीत दिसला. अध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदा ठरत नाही, असं निक्सन सरळ बोलून गेले. हॉल्डमन, एर्लिकमन, मिचेल हे त्यांचे तिघे साथीदार सुमारे दीड दीड वर्ष तुरुंगात होते. हुकूम मानणारे आत आणि हुकूम देणारा बाहेर, हे कुठल्याही देशाने स्वतःला शिकवू नये.

टेपांची गोष्ट तर क्वचितच कोणी सांगतं. माफीबरोबरच निक्सन आणि सरकार यांच्यात एक करार झाला होता. त्यानुसार टेपांवर निक्सन यांचं नियंत्रण राहणार होतं आणि त्यांच्या मृत्यूनंतर किंवा १ सप्टेंबर १९८४ ला, जे आधी होईल तेव्हा, त्या नष्ट व्हायच्या होत्या. काँग्रेसने डिसेंबर १९७४ मध्ये कायदा करून टेपा आणि कागदपत्रं सरकारच्या ताब्यात ठेवली, म्हणून त्या आज ऐकता येतात. निक्सन १९९४ मध्ये वारले. करार टिकला असता तर त्याच्या दहा वर्षं आधीच त्या आवाजांबरोबर पुरावाच नाहीसा झाला असता. देश सावरला म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

किंमत फोर्ड यांनी मोजली, हे खरं. लोकप्रियता एका झटक्यात कोसळली, नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाने सभागृहातल्या जवळजवळ पन्नास जागा गमावल्या आणि १९७६ मध्ये ते जिमी कार्टर यांच्याकडून २४० विरुद्ध २९७ अशा निर्वाचक मंडळाच्या मतांनी हरले. माफीशिवाय इतर कारणंही होती, पण ओहायोसारखं राज्य अवघ्या अकरा हजारांच्या आसपास मतांनी गेलं हे लक्षात घ्या. २००१ मध्ये माजी अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार फोर्ड यांना मिळाला, आणि एकेकाळी माफीवर कडाडून टीका करणारे त्यांचे भाऊ, सिनेटर टेड केनेडी यांनी आपली चूक झाली असं तिथे सांगितलं. मला मात्र धैर्य आणि योग्यता या वेगळ्या गोष्टी वाटतात.

१७ ऑक्टोबर १९७४ ला फोर्ड स्वतः सभागृहाच्या उपसमितीसमोर साक्षीला बसले. पदावरच्या अध्यक्षाने असं करणं ही फार मोठी गोष्ट, तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तिथे न्यूयॉर्कच्या तरुण सदस्य एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी, मिळाली तेवढीच मोजकी मिनिटं हाताशी धरून, एकामागून एक प्रश्न ठेवले. माफीनाम्यात एकाही गुन्ह्याचा उल्लेख का नाही? दोषाची कबुली का नाही? इतकी घाई आणि इतकी गुप्तता कशासाठी? टेपांचा करार त्याच वेळी का झाला? सौदा झालाच नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही, असं फोर्ड यांनी त्यांना मध्येच तोडून ठणकावून सांगितलं. त्या उत्तरावर माझा विश्वास आहे. बाकीच्या प्रश्नांना मात्र पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.